जागे करणारा : अज्ञात इसम

मिटून ठेवलेल्या लॅपटॉपचा पंखा मध्यरात्रीनंतर आपला आपण सुरू होतो, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला त्यात वेगळंच काहीतरी ऐकू येतं. सासूबाईंना गच्चीवरची टाकी भरून वाहताना ऐकू येते. नवऱ्याला कुणीतरी चालू ठेवलेला एक्झॉस्ट फॅन ऐकू येतो, आणि त्याच्या ‘कुणीतरी’चा अर्थ लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला विचारावा लागत नाही. मुलाला काहीच ऐकू येत नाही, कारण ऐकू आलं म्हटलं तर आपण त्या वेळी जागे का होतो, हेही सांगावं लागेल. मला मात्र बरोबर लॅपटॉपच ऐकू येतो. झाकण लावलेलं, कडेचा इवलासा दिवा ठाम पेटलेला, आणि आत काहीतरी जोरात चाललेलं.

हे दुखणं सर्वदूर आहे. विंडोजवाल्यांना आहे, मॅकवाल्यांना आहे, लिनक्सवाल्यांना तर आहेच. फक्त ते लोक त्याला दुखणं न म्हणता अभ्यासाचा विषय म्हणतात. पण पुण्यात त्याचा खरा त्रास वेगळा आहे. ‘आमचा लॅपटॉप बंद असताना चालू होतो’ हे वाक्य इथे चारचौघांत उच्चारायची सोय नाही. मी ते कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, लिफ्टची वाट बघताना, निव्वळ बोलायला काहीतरी हवं म्हणून उच्चारलं. लिफ्ट खाली येईपर्यंत निदान झालं होतं.

“अर्थिंग,” तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. काका वीज खात्यातून निवृत्त झालेत आणि अर्थिंग हे त्यांचं सर्व विकारांवरचं निदान आहे. पाण्याची मोटर जळली तेव्हा अर्थिंगच होतं. सेक्रेटरींच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं तेव्हाही काकांचा रोख साधारण तिकडेच होता. लॅपटॉप बॅटरीवर असतानाही उठतो, असं मी सांगून पाहिलं. काका म्हणाले, “मग तर नक्कीच.”

मैत्रिणीचं निदान गंभीर होतं. “हॅक झालाय गं. कुणीतरी बघतंय तुला. कॅमेऱ्यावर टिकली लाव.” मी टिकली लावली. त्याने लॅपटॉप उठायचा थांबला नाही, पण घरातल्या घरात तो सौभाग्यवती दिसू लागला. हिंजवडीत नोकरीला असलेला भाचा फोनवर पूर्ण ऐकूनही घेईना. “आत्या, फॉरमॅट मार.” या पिढीला दुरुस्ती म्हणजे फॉरमॅट, भांडण म्हणजे ब्लॉक आणि स्वयंपाक म्हणजे ऑर्डर. सासूबाईंनी तेवढं मुळाशी हात घातला. “दिवसभर नुसता बसून असतो, अंगाला श्रम नाहीत. मग रात्री झोप लागेल कशी?” हे त्या लॅपटॉपकडे बघत म्हणत नव्हत्या. सोफ्यावरून नवऱ्याने पेपर थोडा वर घेतला.

शेवटी बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठली. वायरी, बल्ब, कॅमेरे, स्पीकर, कुठल्या यंत्राचा आहे ते यंत्रालाही आठवणार नाही असा सुटा भाग, सगळं त्या गल्लीत मिळतं. फक्त गाडी लावायला जागा मिळत नाही. दुरुस्तीवाला एका लाकडी जिन्याच्या वर बसतो. जिन्यापाशीच पाटी : ‘चार्जर आणला नसल्यास लॅपटॉपही दाखवू नये.’ मी दोन्ही दाखवले. त्यांनी लॅपटॉपला हात न लावता एवढंच विचारलं, “बंद करता, की नुसता मिटता?”

मी मिटते. सगळेच मिटतात. लॅपटॉपचं झाकण आपण पुस्तकासारखं लावतो आणि आत जे काही होतं ते तिथेच थांबलं, असं समजून चहा टाकायला जातो. हा समज अगदीच खुळा नाही. एके काळी तो खरा होता, आणि त्याचा दाखलाही कागदावर आहे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून एसीपीआय नावाचं एक मानक प्रसिद्ध केलं. संगणकाने किती झोपायचं याच्या त्यात पायऱ्या ठरवल्या. एस-० म्हणजे टक्क जागा. एस-५ म्हणजे बंद. मधली एस-३ ही खरी निद्रा : प्रोसेसर बंद, पडदा बंद, डिस्क बंद, पंखा बंद, फक्त स्मृतीच्या चिपांना जिवंत राहण्यापुरती वीज. एस-४ मध्ये तीही नाही. सगळं डिस्कवर लिहून ठेवायचं आणि निवांत व्हायचं. याला हायबरनेट म्हणतात.

म्हणजे झोपेचे नियम तीन कंपन्यांनी एका टेबलाशी बसून ठरवले होते, आणि बरीच वर्षं यंत्रं ते पाळतही होती. मग मोबाइल आला. मोबाइल झोपत नाही. तो नुसता पडदा काळा करून पडून राहतो आणि लग्नपत्रिकेचा मेसेज आला की थरथरतो. लॅपटॉपवाल्यांना हे बघून हेवा वाटला. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आलं. त्याच वर्षी ॲपलने मॅकसाठी ‘पॉवर नॅप’ काढलं, म्हणजे झोपल्या झोपल्या टपाल बघून घेण्याची सोय. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर ‘मॉडर्न स्टँडबाय’ आलं. या नव्या व्यवस्थेत झाकण लावल्यावर यंत्र एस-३ मध्ये जातच नाही. ते एस-० मध्येच राहतं, म्हणजे कागदोपत्री जागंच. फक्त हालचाल कमी करतं. मधूनमधून वायफाय तपासतं, मेल आणतं, अपडेट विचारून येतं. आताच्या कित्येक लॅपटॉपांत एस-३ ची सोयच ठेवलेली नसते. पुण्याला ही मॉडर्न स्टँडबाय पोचायला आणखी दोन वर्षं लागली : जुलै २०१७ मध्ये चितळे बंधूंनी दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली.

आपल्याकडच्या माणसाला हे सगळं नवीन वाटायचं खरं तर कारण नाही. आषाढ शुद्ध एकादशीला भगवान विष्णू चार महिन्यांसाठी झोपतात. म्हणूनच ती शयनी एकादशी. पण त्याच दिवसांत पंढरपुरात काय करतात? विठोबाचा पलंग काढून ठेवतात. वारीच्या गर्दीला दर्शन मिळावं म्हणून मंदिर दिवसरात्र उघडं, काकडा नाही, शेजारती नाही. देव विटेवर अखंड उभे. पंचांगात निद्रा आणि प्रत्यक्षात चोवीस तास सेवा. वारकऱ्यांची गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा काढतात, पलंग परत येतो आणि नित्याचे उपचार पुन्हा सुरू होतात. आमच्याकडे नवऱ्याच्या नव्या लॅपटॉपचाही पलंग कायमचा काढलेला आहे. प्रक्षाळपूजेची तरतूद मात्र त्याच्या कंपनीने केलेली दिसत नाही.

माझा लॅपटॉप जुन्या वळणाचा. त्याला एस-३ आहे, म्हणजे खरी झोप येते. ‘पॉवरसीएफजी’ नावाची एक आज्ञा विंडोजच्या काळ्या खिडकीत लिहून पुढे ‘ए’ टाकलं की आपल्या यंत्राला कुठकुठली झोप ठाऊक आहे याची यादी मिळते. तेव्हा प्रश्न उरला तो एवढाच की ही झोप मोडतं कोण. इथून पुढे जे चालतं त्याला तपास म्हणतात, आणि तो घरात झाला तरी पोलिस चौकीतल्याइतकाच वेळ खातो.

त्याच आज्ञेपुढे ‘लास्टवेक’ लिहिलं की शेवटचं कुणी उठवलं ते यंत्राने सांगायचं असतं. माझ्या यंत्राने सांगितलं : इतिहासात नोंद एक, उठवणारे शून्य. म्हणजे जाग आली हे मान्य, पण कुणामुळे आली नाही. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे यंत्राच्या आयुष्यातल्या प्रत्येक ठेचेची वेळ लिहिलेली असते. रात्री दोनच्या पुढे, माझ्या गाढ झोपेच्या वेळी, नोंद होती : ‘वेक सोर्स : अननोन’. पंचनाम्याच्या मराठीत सांगायचं तर अज्ञात इसमाने जागे करून पोबारा केला. ही नोंद ज्या विभागात होते त्याचं नाव ‘पॉवर-ट्रबलशूटर’ आहे. त्रास शोधून काढायला नेमलेल्या खात्याने ‘अज्ञात’ लिहून फाइल बंद करावी, याचं आपल्याला अर्थातच आश्चर्य वाटत नाही.

पण संशयितांची यादी तरी मिळते. कुणाकुणाला या यंत्राला उठवायचा परवाना आहे, हेही त्याच आज्ञेने विचारता येतं. मी समजत होते की तो परवाना फक्त मला आहे. यादीत कीबोर्ड होता, माउस होता, नेटवर्क कार्ड होतं. माझं नाव नव्हतं.

नेटवर्क कार्डाची गंमत अशी की ते यंत्र झोपल्यावरही थोडं जागं राहून कान देऊ शकतं. दुरून संगणक उठवण्यासाठी एक ठरावीक निरोप पाठवतात. त्याचं नाव ‘मॅजिक पॅकेट’. त्यात आधी सहा बाइट एकसारखे, आणि मग त्या यंत्राचा सहा बाइटचा पत्ता ओळीने १६ वेळा. एकूण १०२ बाइट. षोडशोपचारांशिवाय उठायचं नाही, हा बाणा तिथेही आहे. माझ्या घरी असं पॅकेट पाठवणारं कुणी नाही. सोळा वेळा हाक मारून उठवायची आमच्याकडे पद्धत आहे, पण ती मुलासाठी राखीव आहे, आणि तिचा उपयोग होत नाही.

दुसरा संशयित म्हणजे वीज. काही लॅपटॉपांच्या अगदी मुळाशी, विंडोजच्याही खाली, एक पर्याय असतो : चार्जरमध्ये वीज आली की उठा. वळवाच्या पहिल्या सरीला आमच्या भागातली वीज जाते आणि येते, जाते आणि येते. हा पर्याय चालू असला तर प्रत्येक येण्याला एक उठणं. काकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते, म्हणून सांगितलं नाही. माझ्या यंत्रात तो पर्याय बंदच होता.

तिसरा संशयित झाकण. झाकण लागलंय हे लॅपटॉपला कळतं ते चुंबकामुळे. झाकणाच्या कडेत एक छोटा चुंबक आणि खालच्या अंगात एक संवेदक. त्याला हॉल सेन्सर म्हणतात. एडविन हॉल या अमेरिकी विद्यार्थ्याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. त्या वेळी विजेचा बल्बही नुकताच कुठे पेटत होता आणि मिटायला काही नव्हतं. या सेन्सरला चुंबक कळतो, झाकण कळत नाही. त्यामुळे नवऱ्याने चुंबकी पट्ट्याचं घड्याळ घेतल्यापासून त्याचं मनगट विशिष्ट जागी टेकलं की लॅपटॉप भर मीटिंगमध्ये झोपतो. म्हणजे घरात दोन यंत्रं : एक मिटलं की उठतं, दुसरं उघडं असताना निजतं. दोघांची कामाची वेळ मिळून साधारण एका माणसाइतकी भरते.

रात्रीचा चोर अखेर ‘वेकटायमर्स’मध्ये सापडला. यंत्रात गजर लावून ठेवता येतो : अमुक वाजता मला उठव, मला काम आहे. हा गजर मी लावला नव्हता. कार्यालयाने लॅपटॉप देताना त्यात जे देखभालीचे कार्यक्रम घातले होते, त्यातल्या एकाने लावला होता. रात्री कुणी काम करत नाही, तर तेव्हा यंत्राची तपासणी करून घ्यावी, हा त्यामागचा विचार. म्हणजे विचार होता हे मानलं पाहिजे. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘अलाउ वेक टायमर्स’ नावाची ओळ आहे. तिथे ‘डिसेबल’ केलं आणि रात्री शांत झाल्या. गच्चीवरची टाकी अजून वाहते, पण ती आता खरोखरच वाहते.

एवढ्यावर लेख संपला असता. पण लॅपटॉप दिवसाही उठत होता, आणि तोही बॅगेत. कोथरूडहून निघताना झोपवून, बॅगेत घालून, चेन लावून न्यावा आणि कार्यालयात पोचून बॅग उघडावी तर आतून भट्टीची वाफ. बॅटरी निम्म्यावर. पंखा घोंघावतोय, पण त्याला खेचायला हवा नाही. डब्यातली पोळी मात्र गरम. नवऱ्याचा लॅपटॉप असं करतो तेव्हा समजू शकतं. त्याला झोपच शिकवलेली नाही. माझा तर झोपणाऱ्यांपैकी. गजरही काढलेले. मग?

तर माउस. बिनवायरच्या माउसची ती नखाएवढी खुंटी लॅपटॉपमध्येच खोचलेली राहते, कारण काढली की हरवते. माउसही त्याच बॅगेत, बहुतेक वेळा डब्याच्या आणि छत्रीच्या मधे. माउसला उठवण्याचा परवाना आहे हे आपण यादीत पाहिलंच. आता ही बॅग दुचाकीवर पायाशी ठेवा आणि पुण्याच्या रस्त्यावर आणा. खड्डा आला की डबा माउसवर आपटतो, बटण दाबलं जातं, आणि लॅपटॉपला वाटतं मालकीणबाई आल्या. तो उठतो. बरं, झाकण लागल्याची वर्दी त्याला झाकण लागतं त्या क्षणी मिळते. उठल्यावर ‘अहो, झाकण अजून लागलेलंच आहे’ असं पुन्हा सांगायला बहुतेक वेळा कुणी जात नाही. शिवाय माउस हलला म्हणजे माणूस समोर आहे, असं यंत्र धरून चालतं आणि अदबीने वाट बघत बसतं. कंटाळून डोळा लागेपर्यंत पुढचा खड्डा येतो. पुण्यात तो येतोच.

या शोधाचा मला जरा अभिमान वाटला. १९९१ मध्ये ज्या शहरातल्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला, त्या शहरात संगणक झोपू न देण्याचं कार्य महापालिकेचे रस्तेही करू शकतात, ही गोष्ट दोन्ही खात्यांना कळवावी असं मनात होतं. उपाय अगदीच किरकोळ निघाला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या नावावर जाऊन ‘या उपकरणाला संगणक जागा करू द्या’ या ओळीपुढची खूण काढायची. शिवाय माउसच्या पोटाखाली एक सरकतं बटण असतं, तेही बंद करायचं. ते बटण कशासाठी असतं असा प्रश्न मला इतकी वर्षं पडला नव्हता, आणि आमच्या सोसायटीतही कुणाला पडलेला नाही. मी विचारून पाहिलं. काका म्हणाले, शोभेचं असेल.

मग नुसता शट डाउन का करत नाही, असं तुम्ही म्हणाल. भाचाही तेच म्हणाला, फॉरमॅट नाकारल्यावर. करते की. पण विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं, आणि बहुतेक यंत्रांत ते मुळातच चालू असतं. त्यात शट डाउन म्हटल्यावर यंत्र आपले कार्यक्रम बंद करतं, पण गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतं आणि पुन्हा चालू करताना तिथूनच उचलतं. रिस्टार्ट म्हटलं तर मात्र सगळं खरोखर पाडून नव्याने उभं करतं. म्हणजे यंत्र पूर्ण बंद करायचं असेल तर त्याला ‘पुन्हा चालू हो’ म्हणावं लागतं. घरात मुलं वाढवलेल्या बाईला हे तत्त्व नवं नाही, पण ते यंत्रात घालायची गरज होती का? एवढं करून ही झोप उतरताना काय होतं तेही पाहा. गुरुवारी पाणी बंद असलं की महापालिका निवेदन देते : शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. झोपेतून उठलेल्या लॅपटॉपचं वायफाय नेमकं त्याच बोलीवर येतं.

नवऱ्याच्या लॅपटॉपवर माझ्याकडे औषध नाही. ‘स्लीपस्टडी’ या नावाचा एक अहवाल विंडोज काढून देतं. रात्रभरात यंत्र कितीदा हललं, कुणी हलवलं, किती बॅटरी प्यायली, याचा रंगीत आलेख असतो त्यात. नवऱ्याने तो छापून काढला आणि आपल्या झोपेच्या घड्याळाच्या आलेखाशेजारी लावला. आता दोन्ही आलेख घेऊन तो कुठल्या तज्ज्ञाकडे जावं या विचारात आहे. मी सांगून ठेवलंय : पॉवर ऑप्शन्समध्ये ‘झाकण लावल्यावर काय करायचं’ असा स्वच्छ प्रश्न विचारलेला असतो. तिथे ‘स्लीप’च्या जागी ‘हायबरनेट’ निवड. उठायला थोडा वेळ लागेल, पण बॅगेत स्वस्थ पडेल. पर्याय यादीत दिसत नसेल तर ‘पॉवरसीएफजी हायबरनेट ऑन’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्यायची. प्रशासक म्हणजे कोण, असं त्याने विचारलं. त्याच्या लॅपटॉपवर तो अधिकार कंपनीकडे आहे आणि घरात कुणाकडे आहे हे त्याला माहीत आहे.

विमानवाल्यांना मात्र हायबरनेटही पुरत नाही. चेक-इनच्या सामानात लॅपटॉप टाकायचा तर तो पूर्ण बंद असला पाहिजे, झोपलेला किंवा हायबरनेट केलेला नाही, आणि वाटेत चुकून चालू होणार नाही अशी व्यवस्था केलेली असली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा दंडक आहे. लिथियमच्या बॅटऱ्या कपड्यांच्या घडीत तापलेल्या त्यांना चालत नाहीत. तेव्हा लोहगावला निघायच्या आधी, टॅक्सी खाली हॉर्न मारत असली तरी, शट डाउनवर टिचकी मारताना शिफ्टची कळ दाबून धरा. त्या वेळेपुरतं तरी तो खरोखर बंद होतो. आणि जमलं तर लॅपटॉप हातातल्या बॅगेतच ठेवा, माउसशिवाय.